एका ढब्बूची शाई

अंबाजोगाईच्या परिसरात सर्वज्ञ दासोपंतांविषयी ज्या आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात आहेत, त्यांत दत्तप्रभूंच्या साक्षात्काराच्या कथा आहेत, वाळूत सापडलेल्या पादुकांची आहे, बादशहाच्या दरबारी अकस्मात येऊन थकबाकी भरून गेलेल्या एका अपरिचित पाडेवाराचीही आहे. परंतु या सर्वांमध्ये जिच्यात चमत्काराचा लवलेशही नाही अशी एक लहानशी गोष्ट आहे, आणि तीच मला आजवर सर्वांत अद्भुत वाटत आली आहे. रोज एका ढब्बू पैशाची शाई लिहून संपवावयाची, असा दासोपंतांचा नेम होता. गोष्ट एवढीच.

ढब्बू म्हणजे तांब्याचे जाड, बोजड नाणे. हे नाव दासोपंतांच्या काळचे असो, की मागाहून एखाद्या कथेकऱ्याने आपल्या काळच्या चलनातून ते घातलेले असो, त्याने गोष्टीचे मर्म बदलत नाही. कारण मर्म नाण्यात नसून मापात आहे. आजच्या लेखकास आपला नेम ठरविण्यास सांगितले, तर तो इतकी पृष्ठे लिहीन म्हणेल, इतके तास बैसेन म्हणेल, किंवा मनाचे समाधान होईपर्यंत उठणार नाही म्हणेल. दासोपंतांनी, अथवा त्यांच्या नावावर ही कथा ठेवणाऱ्या त्या शहाण्या परंपरेने, यांतले काहीच स्वीकारले नाही. ओव्यांची संख्या मापली नाही, कारण ओवी सुचणे न सुचणे हे प्रतिभेच्या हाती. प्रहर मोजले नाहीत, कारण माणूस प्रहरभर बैसूनही रिक्त हस्ताने उठू शकतो. आणि समाधानाला तर माप म्हणून उभेच केले नाही, कारण ज्या मनाला बांधावयाचे, त्याच मनाच्या हाती दोरी देण्यासारखे ते झाले असते. मापली ती शाई. सकाळी दौत भरलेली आहे आणि सायंकाळी ती कोरडी असली पाहिजे, एवढाच करार. लिहिलेली ओळ खोडून पुन्हा लिहिली तरी शाई खर्ची पडतेच. बिघडलेली ओवी आणि साधलेली ओवी या दोन्हींची किंमत त्या दौतीच्या हिशेबी सारखीच. या मापाची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ढब्बूची शाई ही जशी किमान मर्यादा, तशीच ती कमाल मर्यादाही आहे. ज्या दिवशी चित्त भरून आले, पदांमागून पदे उचंबळून येऊ लागली, त्या दिवशीही दौत तळाशी गेली म्हणजे बोरू खाली ठेवावयाचा. निरुत्साहाला जसा या नेमाने लगाम घातला, तसाच उत्साहालाही घातला, आणि माझ्या मते अनेक शुभसंकल्पांचा घात आळसापेक्षा पहिल्या आठ दिवसांच्या अनावर उत्साहानेच अधिक वेळा होतो.

असे माप सुचावयास माणूस कोणत्या घरात जन्मावा लागतो, याचा विचार केला म्हणजे दासोपंतांच्या चरित्राचा पूर्वभाग निराळ्याच प्रकाशात दिसू लागतो. त्यांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे इ. स. १५५१ मध्ये, बीदरच्या राज्यातील नारायणपेठ येथे झाला. वडील दिगंबरपंत हे देशपांडे. परगण्याचे दप्तर ज्याच्या हाती, वसुलाचा आकार, जमा आणि बाकी ज्याच्या लेखणीतून उतरावयाची, असे ते वतनदार घराणे. बहमनी सत्तेचे तुकडे होऊन बीदरला बरीदशाहीचा अंमल चालू असतानाचा तो काळ. वसुलाची बाकी थकली, तेव्हा दरबाराने दिगंबरपंतांच्या कोवळ्या मुलास ओलीस ठेवून घेतले आणि एक महिन्याची मुदत दिली. मुदत टळली तर मुलगा कायमचा गमवावा लागणार होता. परंपरा सांगते की, या महिन्यात दासोपंतांना खर्चासाठी जो रोजमुरा मिळे, तो ते रोजच्या रोज दान करून टाकीत. आणि महिन्याच्या अखेरीस दत्ताजी नावाचा पाडेवार येऊन सगळ्या रकमेचा भरणा करून गेला, तो साक्षात दत्तच होता. भाविक मन या कथेतील अखेरच्या दिवसापाशी थांबते. माझे लक्ष मात्र आधीच्या एकोणतीस दिवसांकडे जाते. डोक्यावर टांगती तलवार असताना, घरून काही वार्ता नसताना, त्या मुलाने भीतीला किंवा आशेला न विचारता एक ठराविक कृत्य रोज केले. आणि ते कृत्यही असे की, आज हाती आलेले आजच रिते करावयाचे. बीदरला रोजमुऱ्याचे जे झाले, तेच पुढे अंबाजोगाईस शाईचे झाले.

दप्तर आणि देवघर ही दोन जगे आपण आता परस्परविरुद्ध मानतो. त्या काळच्या दख्खनेत ती तशी नव्हती. दासोपंतांचे समकालीन एकनाथ महाराज देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींपाशी राहत असताना त्यांच्याकडे जमाखर्चाचे काम होते, आणि एका पैची चूक सापडत नाही म्हणून त्यांनी रात्र जागून काढली. चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली, तेव्हा गुरूंनी हीच एकाग्रता परमार्थात लावण्याचा उपदेश केला, ही कथा मराठी घरांत कोणास ठाऊक नाही? हे जनार्दनस्वामीही किल्लेदारीचा कारभार पाहणारे. ज्या संतमंडळीत दासोपंतांची गणना होते, त्यांतले बीडचे जनीजनार्दन हेही राज्यसेवेतून परमार्थाकडे वळलेले. ही माणसे रोजकीर्द आणि खतावणी यांच्या संस्कारात वाढली होती. रोजकिर्दीचा धर्म असा की, आजची नोंद आजच झाली पाहिजे. कारकुनाचे चित्त प्रसन्न आहे की खिन्न, घरी आजारपण आहे की बारसे, हे कागद विचारीत नाही. उद्या दोन दिवसांचे एकदम लिहीन असे म्हणणाऱ्याची कीर्द आठ दिवसांत कशी तुंबते, हे ज्याने कोणत्याही कचेरीत काम केले असेल त्यास सांगावयास नको. दिगंबरपंतांच्या मुलाने वतन सोडले, परंतु वतनदारीची ही शिस्त सोडली नाही. तिचा धनी तेवढा बदलला, असे मी मानतो.

बीदरहून सुटून आल्यावर काही काळाने दासोपंत घराबाहेर पडले आणि माहूरगडी त्यांनी बारा वर्षे तपश्चर्या केली असे चरित्रकार सांगतात. तेथून ते गोदावरीच्या काठी राक्षसभुवनास आले. हे गाव आजच्या बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गेवराईकडे आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यास ते १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा जो पराभव केला त्यामुळे ठाऊक असते. परंतु त्या रणधुमाळीपूर्वी जवळजवळ दोन शतके याच वाळवंटात दासोपंतांस दत्तपादुका लाभल्या, अशी श्रद्धा आहे. अखेर बालाघाटाच्या डोंगररांगेत, जयंती नदीच्या काठी, योगेश्वरीच्या सान्निध्यात ते स्थिरावले. हे अंबाजोगाई. मुकुंदराजांची समाधी याच गावाजवळ दाखविली जाते, आणि त्यांचा विवेकसिंधु शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. निजामी अमदानीत या गावाचे नाव मोमिनाबाद झाले, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी इथे पडली, आणि संस्थान गेल्यावर जुने नाव परत आले. गावाने इतकी स्थित्यंतरे पाहिली. दासोपंतांच्या वंशजांची थोरले देवघर आणि धाकटे देवघर ही दोन घराणी मात्र आपापले देव आणि आपापली पोथ्यांची बासने सांभाळीत तिथेच राहिली.

त्या बासनांत काय होते? गीतार्णव हा दासोपंतांचा मुख्य ग्रंथ. भगवद्गीतेवरील या भाष्याची व्याप्ती परंपरेने सव्वा लाख ओव्यांची सांगितली आहे. गीतेचे श्लोक सातशे. म्हणजे सरासरीने एकेका श्लोकामागे पावणेदोनशेहून अधिक ओव्या पडतात. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या अर्णवाचा विस्तार कळतो, आणि सामान्य वाचकाची छाती दडपते. परंतु हाच आकडा दौतीजवळ नेऊन ठेवा. तीस वर्षे म्हणजे जवळजवळ अकरा हजार दिवस. सव्वा लाखाला अकरा हजारांनी भागले, तर रोजच्या वाट्यास अकरा-बारा ओव्या येतात. अकरा-बारा ओव्या! ज्याच्या हातात भाषा आहे, त्याला हे काम एका सकाळचेही नाही. मी हा हिशेब प्रथम मांडला, तेव्हा त्या राशीविषयीचे माझे भय निमाले आणि त्याच्या जागी निराळेच आश्चर्य उभे राहिले: अकरा ओव्या लिहिणे सोपे, अकरा हजार वेळा सकाळी उठून त्या लिहावयास बैसणे, हे कोणत्या धातूचे काम! अर्थात गीतार्णव हा एकटा नव्हे. गीतार्थबोधचंद्रिका आहे, ग्रंथराज आहे, वाक्यवृत्तीवरील विवरण आहे, आणि पदे किती याला तर गणतीच नाही. परंपरा त्यांचाही आकडा सव्वा लाखच सांगते, जरी उपलब्ध झालेली पदे त्या मानाने फार थोडी आहेत.

या सर्वांत जगावेगळी वस्तू म्हणजे पासोडी. पासोडी हा आमच्या मराठवाड्यातला जुना शब्द. थंडीत अंगावर घ्यावयाच्या दुपदरी जाड्याभरड्या वस्त्राला तो वापरीत. दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर पंचीकरण हे प्रकरण लिहिले, आणि ते कापड अद्याप अंबाजोगाईस जतन केलेले आहे. पृथ्वी, आप, तेज, वायु, आकाश या प्रत्येक महाभूतात अर्धा भाग त्याचा स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चौघांचा एकेक अष्टमांश, अशी ही वेदान्तातील वाटणी. ती समजावयाची तर कोष्टक मांडावे लागते, आणि कोष्टक मांडावयाचे तर पोथीचे अरुंद पान अपुरे पडते. देशपांड्यांच्या घरात जन्मलेल्या पुरुषाने विश्वाच्या घटकांचा असा पाट्यापाट्यांनी ताळेबंद मांडावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कापडावर लिहिणे हे कागदावर लिहिण्यासारखे नसते. धाग्यांतून शाई फुटते, बोरू अडतो, अक्षर एकदा पसरले की खरवडून काढता येत नाही. हात आवरून, वीत वीत पुढे सरकावे लागते. चाळीस फुटांच्या त्या पट्ट्यापुढे पहिल्या दिवशी जो माणूस बसला असेल, त्याच्या मनाला शेवटचे टोक दिसलेही नसेल. ते गुंडाळीत असेल. त्याच्यापुढे उघडी होती ती एवढीच वीतभर जागा.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ती लपविणे हा दासोपंतांचा सन्मान नव्हे. नित्यनेमाने ग्रंथ पुरा होतो. तो लोकांच्या मुखी बसेलच, याची हमी नेम देत नाही. ज्ञानेश्वरी घरोघर गेली, एकनाथी भागवत पारायणाला बसले, आणि गीतार्णव मात्र बहुतांशी रुमालांत बांधलेला राहिला. विस्तार हा त्याचा गुण, तोच त्याच्या प्रसाराच्या आड आला. भाष्यकार एकाच पदाभोवती इतक्या प्रदक्षिणा घालतो की वाचकाचे पाय थकतात. ही टीका रास्त आहे. परंतु त्यांच्या पदांकडे वळावे, आणि तिथे आर्तता, संगीताचे ज्ञान आणि भाषेचे मार्दव असे काही भेटते की, ही पदे आकाशातून पडली नसून त्याच रोजच्या दौतीतून आली आहेत, हे विसरावयास होते. कोणत्या दिवसाच्या शाईतून पद निघेल आणि कोणत्या दिवसाच्या शाईतून नुसती भरताड, हे लिहिणाऱ्यास आधी कळत असते, तर नेमाची गरजच काय होती?

विलायतेत अँथनी ट्रोलॉप नावाचा कादंबरीकार होऊन गेला. हा टपाल खात्यातला अधिकारी. पहाटे साडेपाचला तो लिहावयास बसे, घड्याळ समोर ठेवी, आणि दर पाव तासास अडीचशे शब्द असा आपला दंडक त्याने त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. त्या कबुलीने तिकडच्या रसिकांचा विरस झाला. काव्यशास्त्रविनोदाची गोष्ट अशी चर्मकाराच्या कामासारखी मोजूनमापून होते, हे त्यांस रुचले नाही. आमच्या परंपरेला मात्र आपल्या संताचे असे माप सांगताना संकोच वाटला नाही, उलट त्यात तिला गौरव वाटला, हे मला विशेष वाटते. कदाचित याचे कारण असे असेल की, आमच्याकडे अभ्यास या शब्दालाच मुळात पुनरावृत्तीचा अर्थ आहे. पतंजलीने योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत दीर्घ काळ आहे, अखंडता आहे आणि आदर आहे. आवड किंवा उत्साह यांचा त्याने उल्लेखही केलेला नाही. आणि ज्या गीतेवर दासोपंतांनी सारे आयुष्य वेचले, तिच्या सहाव्या अध्यायात अर्जुन जेव्हा मन वाऱ्यासारखे आवरत नाही अशी तक्रार करतो, तेव्हा भगवंत ती तक्रार खोटी ठरवीत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करून मगच अभ्यासाचे नाव घेतात.

एकट्याने नेम चालविणे सर्वांस साधत नाही, दासोपंत एखादाच. सामान्य माणसाची लहर आवरण्यासाठी वारकरी परंपरेने दुसरी एक युक्ती काढली, आणि ती बीड जिल्ह्यात आजही गावोगाव पाहावयास मिळते. ती म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवावयाचा नाही, हा त्याचा मुख्य दंडक. गावातील माणसे पहारे वाटून घेतात; मध्यरात्रीचा पहारा ज्याच्या वाट्यास आला असेल, तो दिवसभर शेतात खपलेला असला तरी वेळ होताच येऊन उभा राहतो, आधीच्या विणेकऱ्यास नमस्कार करतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. त्याला झोप आली असेल, भजनात मन लागत नसेल, बांधावरून भाऊबंदाशी सकाळीच भांडण झाले असेल. पण समोरचा माणूस वीणा घेऊन उभा आहे आणि तो खाली ठेवता येत नाही, म्हणून याने गेलेच पाहिजे. पहाटे काकडा, दुपारी गाथ्यावरचे भजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन. व्यक्तीचे चित्त त्या सात दिवसांत शंभर वेळा भरकटत असेल. वीणा मात्र वाजत राहतो.

पाटोदा तालुक्यातील सुपे सावरगाव घाट येथे १८९६ मध्ये जन्मलेल्या आणि १९६५ पर्यंत या डोंगराळ मुलखात हिंडून माळकऱ्यांची पिढी घडविणाऱ्या भगवानबाबांनी या प्रथेला नारळी सप्ताहाचे रूप दिले. एका गावाचा सप्ताह समाप्त होताना पुढच्या वर्षी तो करू इच्छिणाऱ्या गावास नारळ दिला जातो. नारळ स्वीकारला म्हणजे गाव बांधले गेले. त्या क्षणी जो उमाळा आला, तो उद्या ओसरेल, हे बाबा जाणून असले पाहिजेत. म्हणून त्या उमाळ्याच्या भरातच त्याच्याकडून नारळ घेववावयाचा, आणि मग वर्षभर तो नारळ त्या गावाच्या मनाला जाब विचारीत राहावयाचा. पाऊस दगा देवो, जोंधळा करपो, गावातली निम्मी घरे कोयते घेऊन ऊसतोडीस परमुलखी गेलेली असोत, उन्हाळ्यात टोळ्या परतल्या की मंडप पडलाच पाहिजे. दुष्काळाच्या वर्षांतही ज्या गावांनी नारळ परत केला नाही, त्यांची धान्याची वर्गणी घरटी पायलीवरून शेरावर आली असेल, परंतु पंगत चुकली नाही. दासोपंतांच्या दौतीत आणि या नारळात मला फारसे अंतर दिसत नाही. दोन्ही ठिकाणी मनाच्या उत्तम क्षणी केलेला निश्चय मनाच्या बाहेर, एका जड वस्तूत नेऊन ठेवला आहे, आणि पुढच्या दिवसांचा हिशेब त्या वस्तूने घ्यावयाचा आहे.

शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस दासोपंतांनी अंबाजोगाईसच देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय चौसष्टच्या घरात होते. बोरूने लिहिलेली कोणतीही जुनी पोथी उजेडाकडे धरून पाहावी, म्हणजे तिच्या ओळींत एक लय दिसते: दहापंधरा अक्षरे गडद, मग हळूहळू फिकी होत गेलेली, आणि मग एकदम पुन्हा काळीभोर, तिथे लिहिणाऱ्याने बोरू दौतीत बुडविलेला असतो. किती वेळा बुडविला, हे मोजू म्हटले तर मोजता येते. कोणत्या वेळी त्याला बुडवावासा वाटत नव्हता, ती जागा मात्र कितीही शोधली तरी अक्षरांवरून ओळखू येत नाही.